एकट्याने लिहिण्याचे मोल: बुलढाण्याच्या ताराबाई ते आजचे ब्लॉग

समाज कोठे चालला आहे, उद्या त्याचे काय होणार, याविषयी प्रत्येकाला काही ना काही सांगायचे असते. पूर्वी ते पारावर, कट्ट्यावर किंवा रेल्वेच्या डब्यात सांगितले जाई. आता ते मोबाईलच्या पडद्यावर उमटते आणि काही तासांत खाली सरकत दिसेनासे होते. अशा या गर्दीत एखाद्या सामान्य माणसाने स्वतःच्या नावाने, सवडीने आणि विचारपूर्वक दीर्घ लेखन करावे, ते कोणी मागितलेले नसताना लोकांपुढे ठेवावे, याला काही अर्थ उरला आहे काय? ब्लॉगविषयी हा प्रश्न वारंवार विचारला जातो. वाचणारे मूठभर, मानधन शून्य आणि परिणाम अनिश्चित. मग हा खटाटोप कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संगणकाच्या युगापर्यंत येण्याची गरज नाही. ते बुलढाण्यात आहे आणि ते १८८२ सालचे आहे. त्या वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या आणि किंमत होती नऊ आणे. कोणतीही संस्था, कोणतेही नियतकालिक किंवा कोणतीही पदवी लेखिकेच्या पाठीशी नव्हती. आज मात्र भारतातील स्त्रीवादी विचाराच्या आरंभाची चर्चा या पुस्तकाचे नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

सुरतेचा खटला, बुलढाण्याचे उत्तर

पुस्तकाचे निमित्त बुलढाण्यापासून शेकडो मैलांवर घडले होते. सुरतेतील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर १८८१ मध्ये नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. वैधव्यात आलेले मातृत्व लपविण्यासाठी तिने ते कृत्य केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. ती पुढे सौम्य करण्यात आली. पण तोपर्यंत या प्रकरणाने मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांना विषय पुरविला होता. ‘पुणेवैभव’ या पत्राने मे १८८१ मध्ये या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्याच नीतिमत्तेवर ताशेरे ओढले. एका स्त्रीचा अपराध सर्व स्त्रियांच्या माथी मारला गेला. त्या मुलाचा पिता कोण, याची चौकशी मात्र कोणाला करावीशी वाटली नाही.

हे वाचून बुलढाण्यातील एका मराठा स्त्रीने लेखणी उचलली. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला शिकविण्याची सोय त्यांनी घरातच केली. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषांशी ताराबाईंचा परिचय झाला. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता, तरी कागदोपत्री तो निजामाचाच मुलूख होता. पुण्या-मुंबईच्या सभा, वादविवाद आणि वाचनालये येथून दूर होती. लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रिया हजारात बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. अशा ठिकाणी राहून एका स्त्रीने पुण्याच्या वृत्तपत्राला जाहीर उत्तर द्यावे आणि त्यावर स्वतःचे नाव घालावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आरोपपत्र उलटविणारे पुस्तक

‘स्त्रीपुरुषतुलना’ची मांडणी वकिलाच्या युक्तिवादासारखी आहे. संस्कृत सुभाषितांपासून लोकप्रिय कादंबऱ्यांपर्यंत स्त्रियांवर जे दोष लादले गेले, ते ताराबाई एकेक करून पुढे घेतात आणि हेच दोष पुरुषांत किती आढळतात, हे दाखवीत जातात. स्त्री कपटी म्हणावी, तर राजदरबारांपासून कचेऱ्यांपर्यंत चालणारे कपट कोणाचे? स्त्री अविचारी म्हणावी, तर जरठ-कुमारी विवाह ठरविणारे कोण? पत्नी वारल्यावर पुरुषाने दुसरा विवाह करणे धर्माला मान्य असेल, तर पती वारल्यावर स्त्रीला तीच मुभा का नाही? विजयालक्ष्मीच्या खटल्यामागचा खरा प्रश्न हाच होता, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

त्यांची टीका केवळ सनातन्यांपुरती नाही. सभा भरविणाऱ्या, व्याख्याने देणाऱ्या आणि घरी परतल्यावर जुनीच वागणूक ठेवणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडीत नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी गाजलेल्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचा त्या समाचार घेतात. पुराणांतील देवादिकांचे वर्तनही त्या तपासतात. भाषा घरगुती, तिखट आणि म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेली आहे. पंडिती निबंधाचा आव तिच्यात नाही. आपल्या घराच्या चार भिंतींत जे पाहिले, ऐकले आणि सोसले, तेच त्यांचे प्रमाण.

येथेच या लेखनाचे वेगळेपण आहे. तत्कालीन वृत्तपत्रे स्त्रियांविषयी भरपूर लिहीत होती. विधवांच्या स्थितीवर सुधारक आणि परंपरावादी दोघेही हिरिरीने वाद घालीत होते. वादाच्या केंद्रस्थानी असलेली स्त्री मात्र स्वतः क्वचितच बोलत होती. ती जागा ताराबाईंनी घेतली. जे संस्थांना दिसत नाही किंवा दिसले तरी सांगवत नाही, ते सांगणे हेच एकट्या माणसाच्या लेखनाचे पहिले प्रयोजन होय.

त्र्याण्णव वर्षांची शांतता

पुस्तकाचे स्वागत झाले नाही. उलट टीका झाली. महात्मा फुले यांनी मात्र ताराबाईंची बाजू घेतली. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ या नावाने दोन छोट्या पुस्तिका काढल्या. पहिल्या अंकात पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादाचा परामर्श होता, तर दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या पुस्तकाची पाठराखण होती. त्यानंतर सारे शांत झाले. ताराबाईंचे दुसरे कोणतेही पुस्तक उपलब्ध नाही.

ही शांतता १९७५ मध्ये संपली. संशोधक स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केले. योगायोग असा, की ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. १९९४ मध्ये इतिहासकार रोझालिंड ओहॅनलन यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर अभ्यासपूर्ण प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की लेखनाचे मोल त्याच्या पहिल्या वाचकसंख्येवरून ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ५०० प्रतींपैकी एखादी प्रत कोठेतरी टिकली, म्हणूनच ९३ वर्षांनी ते पुस्तक पुन्हा छापता आले. ती टिकली नसती, तर ताराबाईंचा युक्तिवाद कितीही बिनतोड असता तरी तो आज कोणाच्या कामी आला नसता. लिहिणे जितके आवश्यक, तितकेच लिहिलेले जपणेही आवश्यक, हा या प्रकरणाचा धडा आहे.

एकहाती लेखनाची परंपरा

ताराबाई एकट्या असल्या, तरी त्यांच्यामागे आणि पुढे अशा लेखनाची मोठी परंपरा मराठीत आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने शंभरावर पत्रे लिहिली आणि स्वजनांच्या आळसावर, रूढिप्रियतेवर कोरडे ओढले. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरील निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये आला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ पासून ‘निबंधमाला’ हे मासिक जवळजवळ एकहाती लिहिले. त्यांची मते फुले यांच्या अगदी विरुद्ध होती. पण एका माणसाने आपले विचार कोणाची परवानगी न घेता नियमितपणे लोकांपुढे ठेवायचे, ही पद्धत दोन्ही बाजूंना सारखीच उपयोगी पडली.

विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी याच मार्गाने जाऊन सर्वांत मोठी किंमत मोजली. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदराला खार लावून चालविले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य या विषयांचा उच्चारही अश्लील मानला जात होता, त्या काळात त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली, तरीही कर्वे यांना दंड भरावा लागला. ज्या मतांसाठी तो दंड झाला, ती पुढे सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमाची मते झाली. एकाकी लेखन आणि समाजाचे भविष्य यांचा संबंध याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ब्लॉगने काय बदलले?

या सर्व लेखकांपुढे एक अडथळा समान होता. छापण्यासाठी पैसा लागत असे, नाहीतर संपादकाची संमती. ब्लॉगने हे दोन्ही अडथळे दूर केले. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये रूढ झाला. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गुगलने विकत घेतली. त्याच वर्षी ‘वर्डप्रेस’ आले. संगणकाचे फारसे ज्ञान नसलेल्या माणसालाही स्वतःचे पान विनामूल्य उघडता येऊ लागले.

मराठीपुरती खरी क्रांती मात्र युनिकोडने केली. त्याआधी संकेतस्थळावर मराठी वाचायचे, तर त्या-त्या स्थळाचा फाँट आपल्या संगणकावर बसवावा लागत असे. नाहीतर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे. युनिकोडमुळे मुंबईत लिहिलेले मराठी अमेरिकेत आणि अमेरिकेत लिहिलेले मेहकरला जसेच्या तसे दिसू लागले, शोधयंत्रात सापडू लागले. २००० नंतरच्या दशकात प्रवासवर्णने, पाककृती, शेतीचे अनुभव, कार्यालयीन जीवन, दलित आणि ग्रामीण आत्मकथने असे नानाविध मराठी लेखन ब्लॉगवर आले. त्यातील बरेचसे सामान्य होते, हे मान्य करावेच लागेल. पण शंभर सामान्य नोंदींमागे एखादी अशी असते, की जी दुसऱ्या कोणीही लिहिली नसती.

पुढे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप आले आणि लिहिणाऱ्यांचा मोठा ओघ तिकडे वळला. वाचक तेथे आयते मिळतात, दाद तत्काळ मिळते. मात्र दीर्घ युक्तिवादाला लागणारी उसंत तेथे मिळत नाही. काय वरती दिसावे आणि काय दडून राहावे, हे लेखक ठरवीत नाही, यंत्रणा ठरविते. संपादकाची संमती गेली आणि तिच्या जागी अदृश्य गणिताची संमती आली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

नाव असलेला मजकूर आणि निनावी अफवा

या बदलाचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे मजकुराचे नाव हरविणे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशाला लेखक नसतो, तारीख नसते आणि जबाबदारीही नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे हे भटके भिक्षेकरी सोलापूर जिल्ह्यातून आले होते. त्या काळात देशभर अशाच अफवांनी बळी घेतले आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यावर मर्यादा आणली.

या पार्श्वभूमीवर १८८२ च्या त्या पुस्तकाकडे पुन्हा पाहावे. त्यावर लेखिकेचे नाव होते आणि गावही होते. १८६७ च्या कायद्यानुसार मुद्रकाचे नाव व ठिकाण छापणेही बंधनकारक होते. कोणाला वाद घालायचा असेल, तर कोणाशी घालायचा हे ठाऊक होते. फुले त्याला जाहीर उत्तर देऊ शकले, ते यामुळेच. एखादे विधान खरे की खोटे, हे तपासण्याची सुरुवात ते कोणी केले या प्रश्नापासून होते. नावानिशी चालविलेला ब्लॉग या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यातील चूक दाखविता येते, दुरुस्त करता येते आणि लेखकाची जुनी मते त्याच्या नव्या मतांशी ताडून पाहता येतात. टोपणनावालाही हे काही अंशी लागू पडते. ‘लोकहितवादी’ हे टोपणनावच होते, पण त्यामागे सातत्याने लिहिणारी एक व्यक्ती होती.

लिहिण्याची किंमत

नाव घालून लिहिणे सोपे नाही, हेही तितकेच खरे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद राहिल्यावर पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर मतप्रदर्शन केले आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. या प्रकरणाने देशभर वाद उठला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ हे कलम घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात दिला आणि ते रद्द केले. सीमेपलीकडे परिस्थिती अधिक भीषण होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेशातील लेखक व ब्लॉगर अविजित रॉय यांची ढाक्यात भर रस्त्यात हत्या झाली. महाराष्ट्राने तर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या पाहिली होती. ज्या लेखनाला काही अर्थच नाही, त्याची कोणाला इतकी भीती वाटण्याचे कारण नाही.

दुसरी किंमत न दिसणारी आहे. लेखन विनामूल्य झाले, तरी लिहिण्याची संधी सर्वांना सारखी मिळालेली नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. ताराबाईंच्या काळी भिंत अक्षरांची होती. ती बरीचशी पडली, पण तिच्या जागी दुसरी उभी राहिली आहे.

जपले तरच उरेल

कागदाच्या पुस्तकाला वाळवी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पडद्यावरचा मजकूर त्याहून क्षणभंगुर आहे, हे मात्र लवकर ध्यानात येत नाही. याहूची ‘जिओसिटीज’ ही सेवा अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. ‘गुगल प्लस’ २०१९ मध्ये गेले. त्यांच्याबरोबर लाखो लोकांचे लेखन गेले. युनिकोडपूर्व फाँटमध्ये असलेली अनेक मराठी पाने आज उघडली तरी वाचता येत नाहीत.

छापील पुस्तकांसाठी १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. हा कायदा कागदावरील मजकूर डोळ्यांपुढे ठेवून झाला. सामान्य माणसाच्या ब्लॉगसाठी अशी खात्रीची व्यवस्था नाही. तेव्हा जबाबदारी प्रथम लिहिणाऱ्यावर येते. आपल्या लेखनाची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवावी. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संग्रहात पानांची नोंद करावी. निवडक लेखनाची छापील पुस्तिका काढून ती जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि जिल्हा पातळीवरील साहित्य संस्थांनी आपल्या परिसरातील लेखन गोळा करणे, हे पुढचे पाऊल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. जुन्या हस्तलिखितांबरोबर आजच्या लेखनाचे जतन हाही अभिजाततेचाच भाग मानावयास हवा.

उद्याच्या समाजासाठी

बुलढाणा हा जिल्हा जिजाऊंच्या सिंदखेड राजामुळे, लोणारच्या विवरामुळे आणि शेगावमुळे ओळखला जातो. त्याची आणखी एक ओळख दुःखद आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. प्रत्येक आत्महत्येमागे बहुधा एक विधवा उरते. कर्जाचे कागद, सातबारा, सासरची माणसे आणि मुलांच्या शाळेचे शुल्क या सर्वांशी तिची जी लढाई चालते, तिच्यावर अहवाल लिहिले गेले, समित्या नेमल्या गेल्या. तिने स्वतः लिहिलेले मात्र फार थोडे वाचावयास मिळते.

ताराबाईंनी १८८२ मध्ये वैधव्याचा प्रश्न ज्या धारेने मांडला, त्याला समाजाचे उत्तर यावयास किती काळ लागला पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घेण्यास सांगितले. मधल्या १४० वर्षांत असंख्य कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. एका पुस्तकाने हे घडविले असे कोणीही म्हणणार नाही. पण प्रश्न कोणीतरी आधी स्पष्ट शब्दांत विचारावा लागतो. उत्तर देणारा समाज त्यानंतर हळूहळू तयार होतो.

ब्लॉगची प्रस्तुतता याच कसोटीवर जोखली पाहिजे. आज किती जणांनी वाचले, किती जणांनी पसंती दिली, हे त्याचे माप नव्हे. जे दुसरे कोणी सांगत नाही ते त्यात आहे का, त्याखाली उत्तरदायी नाव आहे का आणि ते उद्याच्या वाचकासाठी टिकणार आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. चिखली, मोताळा किंवा संग्रामपूरमध्ये एखादी स्त्री आज रात्री मोबाईलवर आपल्या अनुभवाची पहिली ओळ लिहीत असेल, तर तिला छापखान्याची किंवा संपादकाच्या संमतीची गरज नाही. तिने लिहिलेले जपून ठेवणारे कोणीतरी मात्र हवे आहे.